दोन इंजिनांचं आरसी विमान घ्यायचंय: कुठलं घेऊ, आणि गोव्यात कुठे उडवू?

मयेकाठचा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. रिमोटवर उडणाऱ्या (आरसी) विमानांत हाय-विंग (पंख धडाच्या वर) ट्रेनर झाला, मग एलरॉनवालं (पंखावर हलत्या पट्ट्या असलेलं) लो-विंग झालं, दोन्ही आता निवांत उडवतो. सध्या दोन इंजिनांचं वेड लागलंय. लहानपणी सुटीत वास्कोला मामाकडे असायचो आणि नौदलाचे डॉर्नियर दिवसभर डोक्यावरून जायचे, तिथला हा रोग.

पी-३८ लाइटनिंग किंवा मॉस्किटो, दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली, त्यांचं मॉडेल घ्यावं असं मनात आहे. दिसायला त्यांच्या तोडीचं काही नाही. पहिलं ट्विन (दोन इंजिनांचं) म्हणून चालेल का? दुसरं म्हणजे, एक मोटर बंद पडली तर दुसरीवर परत येता येतं, म्हणजे सिंगलपेक्षा ट्विन सुरक्षित, हे बरोबर ना? माझ्याकडे ३एस २२०० च्या (तीन सेल, २२०० एमएएच) बॅटऱ्या पडल्या आहेत, त्याच चालल्या तर घरी हिशेब द्यायला सोपं जाईल. मैदान म्हणजे डिचोलीजवळचा सडा, कातळाचं पठार. धावपट्टी वगैरे काही नाही, गवत आणि चिऱ्याची कच.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पुरणशेवई (रविवार, रात्री ९:५२)

वाचतोय. माझ्याकडे एकही विमान नाही, पण धागा सोडणार नाही.

सडेफटिंग (रविवार, रात्री ११:१५)

दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यावरच ठरतं. ट्विन सुरक्षित नाही.

नाकातली एकुलती मोटर बंद पडली की विमान ग्लायडर होतं. आवाज थांबतो, तुम्ही नाक खाली करता आणि समोरच्या गवतात उतरवता. ट्विनमधली एक बंद पडली तर दुसरी एकाच बाजूने ओढत राहते. बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी जशी जागच्या जागी फिरते, तसं नाक बंद मोटरच्या बाजूला वळतं. त्या बाजूचा पंख मागे पडतो, त्याची उचल घटते आणि विमान तिकडेच कलंडतं. अंगात वेग असेल तर रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) हे आवरतो. वेग कमी असेल तर रडरवरून पुरेशी हवाच जात नाही. खऱ्या विमानांत या किमान वेगाला व्हीएमसी म्हणतात आणि वेगाच्या तबकडीवर त्याची लाल रेघ असते. आपल्याकडे ना तबकडी ना रेघ, लांबून डोळ्यांनी अंदाज करायचा.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे टेकऑफनंतरचे पहिले काही सेकंद. वेग कमी, थ्रॉटल पूर्ण, नाक वर. तिथे एक मोटर गेली की माणूस घाबरून रिमोटवरची थ्रॉटलची काडी अजून पुढे दाबतो, आणि विमान पाठीवर होऊन जमिनीत जातं. हाताला उलटं शिकवावं लागतं. आधी थ्रॉटल बंद, मग नाक खाली, पंख सरळ. वेग आला आणि उंची असली तरच चालू मोटर थोडी थोडी द्यायची, रडर चालू मोटरच्या बाजूला. उंची नसेल तर मोटर द्यायचीच नाही, समोर उतरवायचं. मी ट्विनवर नवीन येणाऱ्याला सिंगलवरच हा सराव करायला लावतो: कोणीतरी मागून ‘गेली!’ ओरडायचं आणि याने थ्रॉटल खाली आणायचं. बघायला विनोदी वाटतं, पण बोटांना सवय लागते.

आता निवड. मोटरी धडाला चिकटून हव्यात, उभी शेपटी मोठी हवी, पंख रुंद आणि विमान हलकं हवं. मॉस्किटो यात बसत नाही. खरं मॉस्किटोसुद्धा एका इंजिनावर बराच वेग मागायचं आणि टेकऑफला एका बाजूला ओढायचं. पी-३८ ची गोष्ट तर गमतीची आहे. पहिल्या नमुन्यात, एक्सपी-३८ मध्ये, प्रॉप (पंखे) आतल्या दिशेने फिरायचे. पुढच्या विमानांत ते बाहेरच्या दिशेने वळवले. उलटसुलट फिरत असल्यामुळे टॉर्क एकमेकांना कापतो, त्यामुळे दोन्ही चालू असताना विमान लोण्यासारखं. पण खाली येणारं पातं दोन्हीकडे बाहेरच्या अंगाला, म्हणजे कुठलंही इंजिन गेलं तरी सारखंच वाईट.

दोन्ही घ्या, जरूर घ्या. दुसरं-तिसरं ट्विन म्हणून.

पारोडेकर (सोमवार, सकाळी ७:३०)

सडेफटिंगभाऊ, थोडं घाबरवताय असं वाटतंय. हे सगळं ग्लो इंजिनांच्या, म्हणजे इंधनावरच्या छोट्या इंजिनांच्या काळातलं. इलेक्ट्रिकमध्ये दोन्ही मोटरी एकाच बॅटरीवर, उतरेल तर दोघींची एकदमच उतरेल. ब्रशलेस मोटर हवेत मेलेली मी अजून पाहिली नाही.

नायट्रोकाका (सोमवार, सकाळी ८:०५)

पारोडेकर, ग्लोचं नाव काढलंत म्हणून आलो. दोन ग्लो इंजिनं एका सुरात लावणं हा सकाळभरचा कार्यक्रम असायचा. एकाची इंधनाची सुई फिरवा, टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) धरा, दुसऱ्याची फिरवा, तोवर पहिलं तापून सूर बदललेला. युक्ती अशी की दोन्ही इंजिनं कमाल फेऱ्यांपासून दोन-तीनशे खालीच ठेवायची, किंचित रिच (इंधन जास्त). हाव धरून लीन (इंधन कमी) केलं की नाक वर केल्यावर एक जण दगा देणार. मिथेनॉल आणि एरंडेल, नायट्रो मिळालं तर सणच. कपड्यांना येणाऱ्या वासावरून घरच्यांना कळायचं कुठे गेलो होतो ते.

आता ती मजा कोणी करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. इलेक्ट्रिक घ्या. पण पारोडेकरांनी ‘मोटर मेलेली पाहिली नाही’ म्हटलंय, ते वाक्य जपून.

सडेफटिंग (सोमवार, दुपारी १:२०)

काकांना +१. मोटर मरत नाही, जोड मरतो. बुलेट कनेक्टर निसटतो, कोरडा सोल्डर सुटतो, प्रॉपचा नट ढिला होऊन प्रॉप एकटाच फिरायला जातो, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक) तापून बंद होतो. या चारांतलं प्रत्येक एकाच बाजूला होतं.

अजून एक. हल्ली रिसीव्हरमध्येच जायरो (विमान आपोआप सरळ ठेवणारं उपकरण) येतो. चांगली गोष्ट आहे, वाऱ्यात फार मदत करते. पण एक मोटर अशक्त झाली तर जायरो गुपचूप रडर देऊन नाक सरळ ठेवतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. लँडिंगला वेग कमी होतो, त्याच्याकडचा रडर संपतो आणि विमान एकदम वळतं. म्हणून उडवण्याआधी प्रत्येक वेळी कोणाला तरी विमान धरायला लावून पूर्ण थ्रॉटलवर दोन्ही बाजू ऐका.

सोल्डरशास्त्री (सोमवार, रात्री १०:१०)

वायरिंगचा विषय निघालाच आहे तर लिहितो. इथेच बहुतेक ट्विन बिघडतात आणि दोष ‘वाऱ्या’वर जातो.

आधी हिशेब. विमान सगळ्यासकट दीड किलो धरा. साध्या उडवण्याला किलोमागे सव्वादोनशे-अडीचशे वॅट पुरतात, म्हणजे एकूण साडेतीनशे. दोन मोटरींत वाटले की प्रत्येकी पावणेदोनशे. ११.१ व्होल्टवर साधारण १६ अँपिअर प्रत्येकी, ३२ एकूण. आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळणारी या ताकदीची मोटर आणि ३० अँपिअरचा ईएससी, अशी जोडी आरामात चालते. तुमची २२०० ची बॅटरी ३०सी (क्षमतेच्या तीसपट प्रवाह) असेल तर कागदावर ६६ अँपिअर देते, म्हणजे तीही चालेल. सरासरी १५ अँपिअर धरून आणि बॅटरीत वीस टक्के शिल्लक ठेवून सात मिनिटं मिळतील. टायमर सहावर लावा.

बॅटरी एकच ठेवा. दोन वेगळ्या ठेवल्या तर लो-व्होल्टेज कटऑफ दोघींचा वेगवेगळ्या क्षणी येतो, आणि मग वर सडेफटिंगनी लिहिलंय ते सगळं तुमच्या वाट्याला.

दोन ईएससी म्हणजे रिसीव्हरला वीज देणारे दोन बीईसी. स्विचिंग प्रकारचे असतील तर दोन्ही एकत्र जोडू नका. बरेच जण एकाची लाल वायर काढतात. मी दोन्हींच्या काढतो आणि वेगळा यूबीईसी (स्वतंत्र बीईसी) लावतो. एखादा ईएससी जळाला तरी सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे) जिवंत राहायला हवेत, नाहीतर दुसऱ्या मोटरचा उपयोग काय?

ईएससी एकाच जातीचे, एकाच खेपेतले घ्या आणि दोघांचं थ्रॉटल कॅलिब्रेशन करा. काडी हळूहळू वर नेताना दोन्ही मोटरी एकाच खाचेवर सुरू झाल्या पाहिजेत.

बॅटरी धडात आणि मोटर पंखात, त्यामुळे वायर लांबवावी लागते. बॅटरीकडची लांबवली तर ईएससीजवळ लो-ईएसआर कॅपॅसिटर हवेत, नाहीतर व्होल्टेजचे झटके ईएससीतले कॅपॅसिटर खातात. त्यापेक्षा ईएससी धडाजवळ ठेवून मोटरकडच्या तीन वायरी लांबवणं सोपं. मग धडात हवा खेळती ठेवायची. गोव्याच्या मे महिन्यात ‘खेळती हवा’ म्हणजे काय ते वेगळं सांगत नाही.

पुरणशेवई (सोमवार, रात्री १०:३१)

वाचनखूण साठवली. घरात सोल्डरगन आहे का शोधतोय.

पेडणेकर_पेडण्याचा (मंगळवार, सकाळी ९:००)

विमान निवडण्याआधी जागेचं बघा. आपलं राज्य चिमूटभर आणि विमानतळ दोन. दाबोळी तर नौदलाचा तळ आहे. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झालं आणि आम्ही पेडणेकर वर्तुळात आलो.

ड्रोन नियम, २०२१ आपल्यालाही लागू आहेत, ‘माझ्यावर कॅमेरा नाही’ म्हणून सुटका नाही. मौजेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान ‘मॉडेल’ या व्याख्येत येतं, त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन. ५ ते ८ पर्यंत जमिनीपासूनच यलो, म्हणजे परवानगी हवी. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत ग्रीन. त्यापलीकडे, दुसरी काही बंदी नसेल तर, ४०० फुटांपर्यंत ग्रीन. सरकारी पोर्टलवर नकाशा आहे, तो उडवण्याच्या दिवशी उघडून बघा, कारण झोन बदलतात. नोंदणीचंही तिथेच बघून घ्या.

वजन २ किलोच्या आत ठेवा. २५० ग्रॅम ते २ किलो हा ‘मायक्रो’ वर्ग, त्यात बिनव्यावसायिक उडवायला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. दोन किलोवर गेलात की कागदपत्रं वाढली.

डिचोली दोन्ही वर्तुळांच्या बाहेर पडते, सत्तरी, सांगे, केपेसुद्धा. वास्को-बोगमाळोचा मात्र विचारही नको. मामाकडे जा, जेवा, आणि बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बघून या. तिथलं चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन बघून तुमचं वेड दुप्पट होईल, ती जबाबदारी माझी नाही.

आणि परदेशातून तयार विमान मागवण्याच्या भानगडीत पडू नका. फेब्रुवारी २०२२ पासून तयार आणि जोडणीच्या अवस्थेतल्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. कस्टमवाल्याशी ‘हे ड्रोन नव्हे हो’ असा वाद घालायला आयुष्य कमी आहे.

सडेफटिंग (मंगळवार, दुपारी २:४५)

पेडणेकरांनी मोठं काम केलं. सड्याबद्दल मी भर घालतो, नाव उगाच नाही घेतलं.

पावसाळ्यात विसराच. ऑक्टोबरनंतर गवत वाळतं, तेव्हापासून आपला हंगाम. सकाळी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत वारा पडलेला असतो. दुपारी समुद्रावरचा वारा सुरू झाला की सड्याच्या कडेला हवा वर-खाली होते, ट्विनचं लँडिंग तेव्हा नको. फेब्रुवारीनंतर गवत पेटायला निमित्त लागतं, आणि लायपो (आपली लिथियमची बॅटरी) हे उत्तम निमित्त आहे. वाळूची बादली गाडीत ठेवा. मार्च-एप्रिलला उतारावर काजू वेचणारी माणसं असतात, ती झाडाखाली असल्यामुळे दिसत नाहीत. त्या बाजूला फेरी घ्यायचीच नाही.

शेतात उडवायचं असेल तर भात कापल्यानंतर. पण वायंगण (उन्हाळी भात) घेणारे असतील तर शेत रिकामं मिळत नाही, आधी मालकाला विचारा. खाजनात (खाडीकाठच्या शेतात) मऊ उतरतं, पण तो चिखल खारट. मोटरच्या बेअरिंगमध्ये गेला की महिन्याभरात किरकिर.

आता यातून निवडीचा मुद्दा निघतो. ट्विनचे प्रॉप पंखाखाली किंवा पंखासमोर असतात. लो-विंग ट्विन गवतात उतरवलं की दोन्ही प्रॉप गवत कापत येतात, आणि सड्यावर तर चिऱ्याची कच पात्यांची टोकं खाते. म्हणून आपल्याकडे हाय-विंगच. तयार विमानांत ई-फ्लाइटचं ट्विन ऑटर किंवा ट्विन टिंबर या घराण्यातलं, देशात कोणाकडे शिल्लक किंवा वापरलेलं मिळालं तर. मल्टिप्लेक्सचं ट्विनस्टार जुनं, पण पहिलं ट्विन म्हणून त्याला नाव ठेवणारा मला भेटलेला नाही. स्वतः बनवणार असाल तर फ्लाइट टेस्टचं गिनी किंवा सी डक, फोम बोर्डात.

मयेकाठचा (मंगळवार, रात्री ९:१५)

सगळ्यांचे आभार. मॉस्किटोचं चित्र भिंतीवर लावलंय, तिथेच राहू दे.

एक कल्पना आली. डॉर्नियर २२८ च का नाही? हाय-विंग आहे, मोटरी धडाजवळ आहेत, धड म्हणजे निव्वळ खोका. खरा पंख १६.९७ मीटर. १:१२ ने १.४१ मीटर होतो. सोल्डरशास्त्रींच्या दीड किलोत बसेल?

नायट्रोकाका (मंगळवार, रात्री ९:४०)

बसेल. शाब्बास. नाकाचा ठोकळा थर्माकोलचा कोरा, बाकी सगळं सरळ पट्टीने कापायचं काम. शेपटी स्केलपेक्षा दहा-पंधरा टक्के मोठी करा, कोणी मोजायला येत नाही. मोटरींना दोन अंश बाहेरच्या दिशेने कल द्या, एक गेली तर ओढ थोडी कमी होते. आणि चाकं आत घेण्याचा मोह टाळा, सड्यावर ती बाहेरच हवीत, मोठी आणि मऊ.

पारोडेकर (मंगळवार, रात्री १०:०२)

आणि हातातून लाँच करू नका. दोन्ही प्रॉप हाताच्या दोन बाजूंना असतात. सिंगलची सवय असलेला माणूस पंखाखाली धरतो.

मयेकाठचा (डिसेंबर, शनिवार, दुपारी १२:३०)

धागा वर काढतोय. डॉर्नियर तयार! रंग नौदलाचा करडा, वजन १४६० ग्रॅम. फोटो टाकलेत.

पण आज सकाळी अडकलो. जमिनीवर थ्रॉटल दिलं की डावीकडे ओढतं. एकमेकांविरुद्ध फिरणारे प्रॉप लावलेत, डाव्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करून. दोन्ही ईएससी कॅलिब्रेट केलेत, एकाच खाचेवर सुरू होतात. फेऱ्याही जवळपास सारख्या. चाकं सरळ आहेत. उडवलं नाही.

सोल्डरशास्त्री (शनिवार, दुपारी १२:५५)

उडवलं नाहीत हे उत्तम केलंत. दुसरा फोटो मोठा करून बघितला. डाव्या प्रॉपवरचे आकडे कुठे आहेत? उजव्यावरचे समोरून वाचता येतात, डाव्यावर कोरी बाजू दिसते.

प्रॉप उलटा बसला तरी हवा मागेच फेकतो, पुढेच ओढतो, म्हणून चटकन लक्षात येत नाही. पण पात्याचा फुगीर भाग चुकीच्या बाजूला गेल्यामुळे जोर बराच कमी पडतो. फिरण्याची दिशा कुठलीही असो, अक्षरं नेहमी पुढे. आणि उलट्या दिशेच्या मोटरचा नट आपोआप सैल होतो का तेही बघा, नायलॉनचा लॉकनट लावा.

मयेकाठचा (रविवार, सकाळी ११:१०)

तेच होतं. प्रॉप फिरवून बसवला आणि सरळ धावलं. आज सकाळी पहिलं उड्डाण. दोन तृतीयांश थ्रॉटलवर उचललं, नाक फार वर न घेता वेग येऊ दिला, मग वळवलं. तिसऱ्या फेरीला दोन घारी बघायला आल्या, एक तर पंखाला पंख लावून चालली होती. आवाज! दोन्ही मोटरी किंचित मागेपुढे असतात ना, त्यामुळे तो ‘वूं-वूं-वूं’ येतो. तोच हवा होता.

आता एक विचारायचं आहे. रडरबरोबर एका मोटरचा जोर कमी-जास्त करायचं मिक्सिंग रेडिओत आहे. लावू का?

सडेफटिंग (रविवार, दुपारी १:००)

अभिनंदन! दोन ईएससी दोन वेगळ्या चॅनलवर घेतले तर मिक्सिंग करता येईल. पण स्विचवर ठेवा आणि वीस-तीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. जमिनीवर वळायला झकास. हवेत बंद. कमी वेगात पूर्ण रडर आणि त्यावर एकीकडे मोटरचा जोर म्हणजे आपण होऊन स्पिनला (गरगरत कोसळण्याला) बोलावणं. पुढे कधी फ्लोट लावलेत तर पाण्यावर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. तेव्हा जागा गोड्या पाण्याची शोधा आणि करमळीचं तळं सोडा, तिथे पाखरं असतात.

पुरणशेवई (रविवार, दुपारी १:२२)

मीही फोम बोर्ड आणलाय. एकच शंका: एवढा १.४१ मीटरचा पंख गाडीत जातो कसा? माझी गाडी लहान आहे.

मयेकाठचा (रविवार, दुपारी १:४०)

पंख मधे दोन तुकड्यांत आहे, आत कार्बनची नळी. प्रत्येक बाजूच्या मोटर-वायरी धडाजवळ सुटतात. त्या तीन वायरींना तीन वेगळे रंग दिलेत, नाहीतर सड्यावर जोडताना मोटर उलटी फिरायची. मागची सीट पाडली की बसतं. पुढे बायको बसते, मांडीवर शेपटी.